पागा

आमच्या गावात त्या जागेला कुणी तबेला म्हणत नसे. तबेला म्हशींचा. घोड्यांची ती पागा. खरं तर पागा म्हणावं असं तिथं काहीच नव्हतं. तीन बाजूंनी पांढऱ्या मातीच्या भिंती, वर पत्रा, पत्रा उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड, आणि चौथी बाजू उघडी. पण तात्यांचे वडील संस्थानाच्या काळात फलटणच्या पागेत मोतद्दार होते म्हणे. १९४८ साली संस्थान विलीन झालं. म्हातारा नोकरी सोडून गावी आला, पण येताना सगळे शब्द बरोबर घेऊन आला. त्यामुळं तात्यांच्या घरी घोड्याच्या खाण्याला खाद्य म्हणत नसत, चंदी म्हणत. घोडा बांधायची जागा म्हणजे ठाण. पुढची दोरी अगाडी, मागची पिछाडी. बाकीचा गाव जनावरांना वैरण घालायचा. तात्या घोड्यांना चंदी चढवायचे.

गाव लोणंद–फलटण रस्त्यावर, लोणंद स्टेशनापासून सात-एक किलोमीटरवर. तात्यांचा टांगा सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाडीला स्टेशनावर जायचा. लग्नसराईत एक घोडी वरातीला जायची. एवढाच त्यांचा धंदा. घोडी दोन. मैना टांग्याची, कुमैत रंगाची, म्हणजे पिकल्या खारकेसारखी, आयाळ आणि शेपूट काळी. हिरा वरातीची. ती नुकरी होती. नुकरी म्हणजे नुसती पांढरी नव्हे, कातडीसुद्धा गुलाबी, आणि डोळ्यांभोवती आजारातून उठलेल्या माणसासारखी फिकट कड. तिसरा सुलतान. तो इतका म्हातारा होता, की त्याचं काम म्हणजे फक्त असणं. तात्यांना कुणी विचारलं, की याला कशाला पोसता, तर ते म्हणायचे, “आमच्या बापाला बी पोसलाच की शेवटपातूर.”

मी तिथं गेले ती घासाच्या निमित्तानं. आमचं रान नीरेच्या उजव्या कालव्याखाली होतं, दादा त्यात अर्धा एकर लसूणघास करायचे आणि रोजच्या चार पेंढ्या तात्यांना ठरलेल्या होत्या. १९८१ साली मी आठवीत गेले आणि घास पोचवायचं काम थोरल्या भावाकडून माझ्याकडं आलं. सायकलच्या कॅरियरला पेंढ्या बांधायच्या, पागेत टाकायच्या, परत यायचं. जाऊन-येऊन पंधरा मिनिटांचं काम. पहिल्या आठवड्यात मला अर्धा तास लागायला लागला, दुसऱ्या आठवड्यात तास. आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, की तात्या पेंढ्या मोजून घेतात. चार पेंढ्या मोजायला तास लागतो यावर आईचा विश्वास बसला नसणारच. पण ती काही बोलली नाही.

पहिल्यांदा मला त्यांनी काय शिकवलं असेल तर चालणं. मी थेट मैनेच्या मागून आत शिरत होते. तात्या ओरडले नाहीत. (ते पागेत कधीच ओरडत नसत, ओरडायचं ते घरात, काकूंवर.) त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला घेतलं आणि म्हणाले, “घोड्याला समदं दिसतं, बाय. फकस्त बरुबर मागचं दिसत न्हाय, आन् नाकाम्होरचं. तवा बाजूनं ये, बोलत ये.” काय बोलू, असं मी विचारलं. “कायबी. शाळंत काय शिकिवलं ते सांग.” मग मी रोज पागेत शिरताना पाढे म्हणत शिरायची. एकोणतिसाचा पाढा मला आजही मैनेच्या वासासकट आठवतो.

तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. शेणापेक्षा लीद कोरडी, तिचा वास गवताच्या जवळचा. त्यात भिजवलेल्या हरभऱ्याचा आंबूस वास, चामड्याच्या साजाला लावलेल्या तेलाचा वास आणि घोड्याच्या घामाचा. घरी गेल्यावर आजी म्हणायची, “आली बघा टांगेवाल्याची पोर.” मला ते ऐकून बरं वाटायचं.

लोकांना वाटतं, घोड्यापाशी जायचं म्हणजे त्यावर बसायचं. आठ महिने मी बसले नाही. लीद काढायची, ठाणातली मुताची माती खरवडून कोरडी माती टाकायची, पाणी ओढायचं. एक घोडी उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन बादल्या सहज पिते. मग खरारा. खरारा उजव्या हातात, ब्रश डाव्या, मानेपासून सुरुवात करून मागं जायचं आणि दर चार हातांनंतर खरारा भिंतीवर आपटायचा. भिंतीपाशी पांढऱ्या कोंड्याचे छोटे ठिपके पडायचे. तात्या ते ठिपके मोजून काम किती झालं ते ओळखायचे. खरारा पोटाखाली गेला की मैना खालचा ओठ लोंबता सोडून डोळे अर्धे मिटायची. आपल्या हातानं एवढं मोठं जनावर असं विरघळतं, हे तेरा वर्षांच्या पोरीला कळणं ही काही लहान गोष्ट नव्हती. घरात मी तीन भावांतली मधली. माझ्या हातानं काही होतं असं तिथं कुणी म्हणत नव्हतं. भाकरी थापल्या तरी जाड झाल्या म्हणायचे.

त्यानंतर त्यांनी मला कान लावायला शिकवलं. घोडीच्या कुशीला, बरगड्या संपतात तिथं, कान टेकवायचा. आत गुडगुड, सळसळ, मधूनच लांब गडगडाट. “गाडी चालू पायजे,” तात्या म्हणायचे. “घोड्याचं समदं दुखणं पोटात. त्याला वकता येत न्हाय. आत गेलं ते मागूनच भाईर आलं पायजे. गाडी थांबली की घोडं गेलं.” रोज टांगा जुंपायच्या आधी ते दोन्ही बाजूंनी कान लावून ऐकायचे. डॉक्टर माणसाची नाडी बघतो तसे, डोळे मिटून.

महिन्या-सव्वा महिन्यानं लोणंदहून नालबंद चाचा यायचे. बैलांना पत्र्या मारणारे गावोगाव होते. ते बैलाला दोरखंडानं पाडतात आणि चारी पाय बांधून काम उरकतात. घोड्याचं तसं नाही. घोडा उभा, त्याचा एक पाय चाचांच्या मांडीवर, आणि घोड्याचा निम्मा भार चाचांच्या कमरेवर. आधी जुना नाल काढायचा, मग खूर तासायचा. तासलेल्या खुराच्या चकत्या गावातली कुत्री पळवून न्यायची. खिळा ठोकताना मी पहिल्यांदा तोंड फिरवलं, तेव्हा चाचांनी माझं बोट धरून माझ्याच नखाच्या पुढच्या कडेवर हातोडी हळूच टेकवली. “दुखलं?” नाही. “मग घोडीला कसं दुखंल? पर यवढं आत गेलं तर?” आणि हातोडी नखाच्या मुळाशी आणली. माझ्या सगळ्या शिक्षणात इतकं नेटकं समजावून सांगणारा दुसरा माणूस मला भेटला नाही, आणि पुढं मी बी. एड. केलंय.

मैना तात्यांना स्वस्तात मिळाली होती ती भोवऱ्यामुळं. घोड्याच्या अंगावर केसांचे जे भोवरे असतात त्यांचं मोठं शास्त्र लोकांनी केलंय. गळ्यावरचा देवमण शुभ, तो असला की घोड्याची किंमत वाढते. काही भोवरे मालकाला खातात, काही मालकिणीला. मैनेच्या कपाळावर असाच कुठला तरी वाईट भोवरा होता. आधीच्या मालकाची बायको वारली आणि त्यानं घोडी काढून टाकली. काकूंना हे माहीत होतं. त्यांनी घोडी दारात आली त्या दिवशी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. तात्या म्हणायचे, “भवरा बघून इकत घ्यावं, पाय बघून चालवावं.” म्हणजे नेमकं काय, ते कुणी विचारलं नाही. माझ्या मते, दुसऱ्यांच्या भीतीचा आपल्याला पैशात फायदा होत असेल तर घ्यावा, असा त्याचा सरळ अर्थ होता.

खोगीर घालायला शिकले तेव्हा एक गंमत कळली. मैना तंग आवळायच्या वेळी पोट फुगवायची. आपण जोर लावून पट्टा ओढायचा, बक्कल लावायचं, आणि चार पावलं गेल्यावर तिनं श्वास सोडला, की खोगीर आपल्यासकट पोटाखाली. त्यावर उपाय एकच. आवळायचं, मग उगाच इकडं-तिकडं बघत उभं राहायचं, तिला वाटलं पाहिजे, की काम संपलं. ती श्वास सोडते. मग पटकन आणखी दोन घरं. हा तिचा आणि आमचा रोजचा खेळ होता, आणि ती रोज त्याच जोमानं फुगायची.

त्याच वर्षी मराठीच्या तासाला ‘खोगीरभरती’ शब्द आला. सरांनी अर्थ सांगितला, निरुपयोगी भरणा. मी हात वर केला आणि म्हणाले, “सर, भरती नसली तर घोड्याची पाठ सोलते.” वर्ग हसला. सर चांगले होते, त्यांनी मला उभं करून सगळं सांगायला लावलं. आमच्या खोगिरात तात्यांनी चिंध्या आणि भाताचं काड भरलं होतं आणि दर दिवाळीला ते उसवून नवीन भरायचे. मराठीत घोड्यावरून आलेले शब्द इतके आहेत, पण बहुतेक सगळे वर बसणाऱ्यानं केलेले. घोड्याच्या पाठीला विचारून एकही झालेला दिसत नाही.

बसायला मिळालं ते १९८२ च्या उन्हाळ्यात, कालव्याच्या भरावावर. भावाची जुनी खाकी चड्डी, त्यावर परकर, आणि परकर वर खोचलेला. तात्या लगामाला लांब दोरी बांधून शेजारून चालायचे. आठवड्यानं दोरी सुटली. आधी चाल, मग दुडकी. दुडकीत दात वाजतात, आतडी हलतात, आणि खाली पडलो तर बरं असं वाटतं. मग एका संध्याकाळी मैना आपणहून दुडकीतून चौखूर सुटली आणि एकदम सगळं थांबलं. म्हणजे घोडी पळत होती, कालव्याचं पाणी उलट पळत होतं, पण माझ्या अंगातला धक्का थांबला. रानातली माणसं उभी राहून बघत होती. मी पूल येईपर्यंत गेले. परत आले तेव्हा तात्या भरावावर बसून तंबाखू मळत होते. काही बोलले नाहीत. चिमूट गालात धरून झाल्यावर म्हणाले, “तिला फिरीव थोडी, घाम जिरू दे. मग पाणी.”

त्यानंतर गावात बोलणं सुरू झालं. ते माझ्या कानावर येत नव्हतं, आईच्या येत होतं. पोरीच्या जातीला हे शोभतं का, उद्या लग्नाला कोण उभं करील, आणि आणखी एक, ते बायका हळू आवाजात सांगतात ते. आमच्या एका चुलत्यांनी दादांना पारावर चार माणसांत विचारलं, की पोरीला सर्कशीत घालणार का. दादा घरी येऊन गप्प बसले. आईनं मात्र त्या रात्री माझा परकर दोन बोटं मोठा शिवून दिला, खाली घोळ वाढवून. बसलं तरी पाय झाकले पाहिजेत एवढंच तिचं म्हणणं. चुलत्यांना तिनं काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. घास पोचवायचं काम माझ्याकडं राहिलं.

१९८३ च्या वैशाखात हिरा गेली.

पलीकडच्या गावात मोठं लग्न होतं. वरात रात्री उशिरा उतरली. नवरदेव उतरल्यावर पोरांनी लाडात येऊन हिराला जेवू घातलं. पुऱ्या, बुंदी, परातभर मळलेली कणीक. तात्या बिदागीचे पैसे घ्यायला मांडवात गेले होते, तेवढ्यात. परत येऊन बघतात तर घोडीचं तोंड तुपानं चकचकतंय आणि पोरं टाळ्या पिटताहेत. ते तिला चालवतच घरी घेऊन आले. तेव्हा ती बरी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पेंढ्या घेऊन गेले तर ती पुढच्या पायानं माती उकरत होती आणि सारखी वळून स्वतःच्या कुशीकडं बघत होती, जणू तिथं कुणी उभं आहे. घोड्यांच्या पोटदुखीला तात्या कुरकुरी म्हणत. शब्द किती साधा.

तिला खाली पडू द्यायचं नव्हतं. घोडं लोळलं की आतड्याला पीळ पडतो. म्हणून चालवत राहायचं. तात्या, त्यांचा पुतण्या, मी, आळीपाळीनं. पागेपासून मारुतीपर्यंत आणि परत. हिंग-ओवा घातलेलं तेल बांबूच्या नळीतून पाजलं. एक पोरगा सायकलवर जनावरांच्या डॉक्टरांना आणायला गेला. रात्री दहाला आई कंदील घेऊन आली. मला वाटलं, न्यायला आली. तिनं कंदील खुंटीला अडकवला, काकूंच्या चुलीवर चहा ठेवला आणि ओट्यावर बसून राहिली. पहाटेपर्यंत.

दोनच्या सुमारास तात्यांनी मला कान लावायला सांगितलं. स्वतः लावला नाही. मी डाव्या कुशीला लावला, मग उजव्या. हिराचं अंग घामानं गार पडलं होतं. आत काहीच नव्हतं. इतक्या मोठ्या पोटात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी मान हलवली. तात्यांनी लगाम पुतण्याच्या हातात दिला आणि ते सुलतानच्या ठाणापाशी जाऊन उभे राहिले.

उजाडता उजाडता ती गेली. डॉक्टर आले ते त्यानंतर तासाभरानं. ते म्हणाले, की रात्री आलो असतो तरी हेच झालं असतं, आणि ते खरं असावं. पण बोलून दाखवलं हे त्यांचं भलेपण. ओढ्याकाठी खड्डा खणायला आठ माणसं लागली. ज्यांच्या घरी लग्न होतं ते पाच नारळ घेऊन आले.

त्या वर्षी आषाढात माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडं निघाली, तेव्हा तात्या मला आणि पुतण्याला घेऊन चांदोबाच्या लिंबाला गेले. वाटेतलं पहिलं उभं रिंगण तिथंच होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वारकरी, मधून दोन अश्व. एकावर स्वार, हातात पताका. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी नाही, तो माउलींचा. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून हे अश्व येतात. मोकळं खोगीर घेऊन घोडा भरधाव येतो, आणि एवढ्या माणसांच्या घशातून एकच आवाज निघतो. तो गेल्यावर माणसं टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात, पदराच्या गाठीत बांधतात. मी हात जोडून घोड्याच्या तोंडाकडं बघत होते. तात्या माझ्या कानाशी म्हणाले, “पाय बघ. तोंड काय बघतीस? कसा टाकतोय बघ पाय.” मग ते वाकले, चिमूटभर माती घेतली आणि कपाळाला न लावता बंडीच्या खिशात टाकली. संध्याकाळी ती हिराच्या रिकाम्या ठाणात पसरलेली मी पाहिली.

वरातीचं उत्पन्न गेलं होतं. त्याच पावसाळ्यानंतर रस्त्यावर वडापच्या जीपा वाढल्या. जीप टांग्याच्या चौथ्या हिश्शाच्या वेळात लोणंदला पोचवायची, आणि कडब्याचा भाव वाढला म्हणून तिचं भाडं वाढत नव्हतं. टांग्यात बसणारं माणूस ‘सवारी’ असायचं, जीपमध्ये ते ‘शीट’ झालं. “दोन शीट पुढं सरका.” तात्या संध्याकाळच्या गाडीला जाऊन रिकामा टांगा घेऊन परत यायचे. मैना रोज दोन शेर हरभरा खायची. दादांनी घासाचे पैसे मागणं बंद केलं, पण पेंढ्या बंद केल्या नाहीत.

दिवाळीच्या आधी मैना विकली. माळावर मेंढरं बसवायला आलेल्या धनगरांच्या वाड्यानं घेतली. आमच्याकडचे धनगर दसरा-दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, भोरवरून वरंधा घाटानं महाडकडं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. बिऱ्हाड सगळं घोड्यांच्या पाठीवर. भीमथडीची म्हणतात ती तट्टं हीच. काही वर्षांपूर्वी तिला सरकारनं स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिल्याचं वाचलं, तेव्हा तात्या हवे होते असं वाटलं. त्या दिवशी मला शाळा होती. तात्यांनी मुद्दाम तो वार निवडला असणार. मी संध्याकाळी पेंढ्या घेऊन गेले तेव्हा पागेत एकटा सुलतान, आणि खुंटीवर मैनेचा खरारा. तो तात्यांनी मला दिला. अजून आहे.

पुढं मी अकरावीला लोणंदला जाऊ लागले, अर्थात जीपनं. १९८५ च्या हिवाळ्यात एका सकाळी शिरवळच्या रस्त्याला, लोणंदच्या बाहेर, एक वाडा उठताना दिसला. पुरुष मेंढरं घेऊन पुढं गेलेले. मागं फक्त बायका, लेकरं, कुत्री आणि चार घोडी. सगळं बायकाच करत होत्या. वाघर गुंडाळणं, भांडी, पिठाचं पोतं, कोंबड्यांची डालगी, आजारी कोकरू, वर लेकरू. कुणी त्यांना हे शोभतं का म्हणून विचारत नव्हतं. तिसरी घोडी कुमैत होती.

मी रस्ता सोडून बांधावर गेले. बाजूनं गेले, बोलत गेले. काय बोलावं सुचेना, म्हणून एकोणतिसाचा पाढा म्हणत गेले. मैनेनं कान फिरवला. तिची पाठ मी बघितली, सोललेली नव्हती. ओझ्याखाली जाड गोधडी नीट घडी करून घातलेली होती. घोडी लादणारी बाई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काही न विचारता दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी दोरी ओढली. तिनं गाठ मारायला घेतली.

“थांबा,” मी म्हणाले. “पोट फुगवलंय तिनं.”

बाई हसली. “मला ठावं हाय.” तिनं गाठ तशीच सोडली, पदर खोचला, आणि उगाच लांब डोंगराकडं बघत उभी राहिली. मीही बघत राहिले. मैनेनं श्वास सोडला. बाईनं दोरी आवळली.